पाठीचे माप

सायकलीविषयी जे काही लिहिले-बोलले गेले आहे त्यात मोठा मान चाकांना मिळाला आहे, त्याखालोखाल साखळीला. हँडलाच्या वाट्याला असा गौरव कधी आला नाही. दिशा देणारा अवयव, एवढीच त्याची ओळख. वस्तुतः दिशा देणे हे हँडलाचे निम्मे काम. आणि तेही सर्वस्वी त्याचे नव्हे, कारण वेगात असलेली सायकल वळते ती मुख्यतः स्वाराच्या कलण्याने. उरलेले निम्मे काम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते सायकल चालवताना दिसत नाही, उतरल्यावर जाणवते. स्वाराने किती वाकावे हे हँडल ठरवते.

सायकलस्वाराचे शरीर तीन ठिकाणी सायकलीला टेकलेले असते : बैठक, पायडले आणि मुठी. पहिल्या दोन जागा जवळजवळ ठरलेल्या. बैठकीची उंची पायाच्या लांबीवरून निघते. पायडले कारखान्यात जिथे बसवली तिथेच राहतात. मुठींची जागा तेवढी मोकळी. ती चार बोटे पुढे गेली की खांदे तिच्यामागून जातात, मान वर उचलून धरावी लागते आणि कमरेचा नैसर्गिक बाक पुसला जातो. ती चार बोटे मागे आली की तोच माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसू लागतो. पुण्यातल्या एका निवृत्त मुद्रितशोधकांना या चार बोटांचे ज्ञान वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी झाले, आणि ते कोणत्याही मुद्रितातून झाले नाही.

१९७४ साली ते नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागले, त्याच वर्षी त्यांनी मद्रासला बनलेली काळी, बावीस इंची सायकल घेतली. तेव्हा पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीला महानगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट जाणाऱ्याला चौकातला पोलीस खाली उतरवी. त्या सायकलीचे हँडल स्वाराकडे वळलेले होते. चिमट्याच्या डोक्यावरून ते दोन्ही बाजूंना फाकत जाई आणि मग मुठी घेऊन सरळ मागे येई. एखादे वडीलधारे माणूस दोन्ही हात पुढे करून जवळ बोलावते तसे. ब्रेकला वायर नव्हती, लोखंडी काड्या होत्या. स्वार तिच्यावर ताठ बसे. हे ताठ बसणे त्या काळी कोणी निवडत नसे. सायकल घेतली की ते तिच्याबरोबर येई.

छापखान्यात मात्र दिवसभर वाकणे होते. खिळ्यांच्या जुळणीवरून काढलेली ओली गॅली-प्रुफे टेबलावर पसरायची, मूळ प्रतीवर पट्टी ठेवायची आणि एकेका ओळीने खाली उतरत जायचे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, तुटलेला रफार. पुढे खिळे गेले, संगणकाची जुळणी आली, तरी पाठीच्या बाबतीत काही बदलले नाही. चौतीस वर्षे हे काम झाले. या चौतीस वर्षांत त्यांची पाठ जागेपणी सरळ राहिली ती बहुधा सायकलीवर, जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास. हा हिशेब त्यांनी तेव्हा कधी मांडला नव्हता. नित्य मिळणाऱ्या गोष्टीचा कोणी हिशेब मांडत नाही.

कोथरूडला सदनिका घेतली तेव्हा काळी सायकल भंगारवाल्याकडे गेली. जिन्याखाली जागा नव्हती आणि अठरा-वीस किलोचे ते धूड दोन पायऱ्या चढवून आत घेणे रोजचे झाले असते. मग काही वर्षे स्कूटर. १९७२ साली पुण्यातच जन्मलेल्या लुनाने आणि आकुर्डीच्या स्कूटरने जे साऱ्या शहराचे केले तेच त्यांचेही झाले. आपण केव्हा पायडल मारायचे थांबलो हे त्यांना सांगता आले नसते. २०२० च्या टाळेबंदीनंतर रस्ते ओस पडलेले असताना त्यांनी मुलाची सायकल बाहेर काढली. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला होता आणि त्याची ही हलकी, करड्या रंगाची, सरळ दांड्याच्या हँडलाची सायकल गॅलरीत धूळ खात होती. ती एका हाताने उचलता येई. ते हरखले.

त्या सायकलीला लगेच कामही मिळाले. त्यांची थोरली बहीण, अक्का, सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या उरलेल्या भागात एकटी राहते. वय ब्याऐंशी. तिची दृष्टी इतकी मंदावली आहे की वर्तमानपत्राचे मथळेही तिला कळत नाहीत. दुपारी चारला ते ताकाची बरणी आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र घेऊन म्हात्रे पुलावरून तिच्याकडे जातात, तासभर मोठ्याने वाचतात आणि अंधाराच्या आत परततात. वाचताना मुद्रणदोष आढळला की थांबून तो सांगतात. अक्काला बातमीपेक्षा त्यातच अधिक रस असतो, असे शेजारच्या बाईंचे मत आहे.

दुसऱ्या वर्षी उसण भरली. मराठी माणूस कमरेच्या दुखण्याला प्रथम हेच नाव देतो आणि शेकाच्या पिशवीवर विश्वास टाकतो. नंतर डाव्या पायात मुंग्या उतरू लागल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली : कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे फुगली होती. अकरा दिवस ते पडून राहिले. अकरा दिवस अक्काकडे वर्तमानपत्र गेले नाही. मुलाने दूरध्वनीवरून सांगितले, ‘‘बाबा, आता रिक्षाने जात जा.’’ डॉक्टरांचेही तेच म्हणणे पडले. सायकल बंद. बाराव्या दिवशी ते रिक्षाने गेले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात रिक्षाची मागची बाक त्यांच्या फुगलेल्या गादीशी स्वतंत्रपणे बोलली, आणि अक्काने ‘‘किती घेतले रे?’’ असे विचारून त्या आकड्याला तीस दिवसांनी गुणले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘एक दिवसाआड आलास तरी चालेल.’’ यात चालण्यासारखे काही नव्हते हे दोघांनाही ठाऊक होते.

व्यायाम शिकवणाऱ्या तरुण बाईंनी प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारला. सायकल चालवता का, असे न विचारता त्यांनी विचारले, ‘‘सायकलवर बसता कसे?’’ एका स्टुलावर बसवून त्यांनी हात पुढे धरायला लावले आणि पाठीवरून बोट फिरवले. स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत बारीक सुई घालून तिथला दाब मोजला होता. उभे असताना जेवढा दाब गादीवर येतो त्याहून आधाराविना बसल्यावर अधिक, आणि बसून पुढे वाकल्यावर त्याहूनही अधिक, असे त्या मोजण्यांत दिसले. सायकलीवर हात काही भार उचलतात, म्हणून ही तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. तथापि बाईंनी दाखवलेला भेद महत्त्वाचा होता. वाकणे दोन प्रकारचे असते. एक खुब्यातून, म्हणजे ओटीपोटासकट सारे धड पुढे कलते आणि पाठ सपाट राहते. शर्यतीतले तरुण स्वार तसे वाकतात आणि तासन्‌तास वाकलेले राहूनही त्यांची पाठ तक्रार करीत नाही. दुसरे वाकणे कमरेतून. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की खुबा पुढे वळत नाही, मग उरलेले अंतर मणके वाकून भरून काढतात. चौतीस वर्षे टेबलावर वाकलेल्या माणसाचे वाकणे दुसऱ्या प्रकारचे असणार हे सांगायला फिल्मची गरज नव्हती. ‘‘मांड्या मोकळ्या व्हायला वर्ष लागेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तोवर मुठी जवळ आणा.’’

आता मुठी दूर गेल्या कशा, याला इतिहास आहे. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी हा आजच्या सायकलीचा ढाचा तिच्यापासून रूढ झाला. त्या ढाच्यावर मागे वळलेले जे हँडल स्थिरावले त्याला इंग्रजीत ‘नॉर्थ रोड’ म्हणतात. हे नाव १८८५ सालीच लंडनमध्ये स्थापन झालेल्या त्याच नावाच्या सायकल क्लबशी जोडले जाते, आणि हा क्लब वेगवान स्वारांचा होता. आज म्हाताऱ्यांचे समजले जाणारे हँडल एका काळी वेगाच्या नावाने चालत होते. भारतातल्या कारखान्यांनी हेच हँडल उचलले. मद्रासचा कारखाना १९४९ चा, सोनीपतचा ॲटलस १९५१ चा, लुधियानाचा हीरो १९५६ चा. या सर्वांच्या काळ्या सायकलींची बसण्याची रीत एकच. सोनीपतचा ॲटलस पुढे आटत गेला आणि २०२० साली जागतिक सायकल दिनीच त्याच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबले.

शर्यतींनी मात्र दुसरी वाट धरली. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून स्वार खाली गेला. त्यातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या फारशा नाव नसलेल्या फ्रेंच स्वाराने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर एका तासात ४५ किलोमीटरांहून किंचित अधिक अंतर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकल कशाला म्हणावे याची व्याख्या अशी केली की ती रेलण्याची सायकल व्याख्येबाहेर पडली. पाठीला टेकण देणे जणू लबाडी ठरले. सायकलीच्या व्याख्येत माणसाची पाठ तेव्हापासून पाहुणीसारखीच राहिली आहे.

मुलाच्या सायकलीचा सरळ दांडा यापुढचा. कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात डोंगरउतारांवरून सायकली पिटाळायला सुरुवात केली आणि त्यातून जी सायकल जन्मली तिला रुंद, सरळ हँडल आले. खडकांवरून खाली येताना ते योग्यच. तिथे पुढच्या चाकावर भार हवा आणि हात रुंद हवेत. पुढे हे हँडल शहरातल्या सायकलींवर आले ते रुबाब म्हणून. कर्वे रस्त्यावर उतरायला खडक नाहीत, बसथांबे आहेत. वाहन कोणत्या भूमीसाठी घडले याचा विचार न करता त्याचे रूप उचलायचे, ही खोड केवळ सायकलींपुरती नाही. पण ते असो.

पहिली खेप त्यांनी एका मोठ्या, काचेच्या दुकानात घातली. तिथे विक्रेत्या मुलाने त्यांना ‘अंकल’ म्हटले, शिरस्त्राणे दाखवली आणि शेवटी स्टेम दाखवला. स्टेम म्हणजे चिमट्याच्या नळीवर बसून हँडलाला मध्यावर घट्ट धरणारा तुकडा. जुन्या सायकलींत तो नळीच्या आत उतरलेला असे आणि एक बोल्ट सैल करून दोन बोटे वर ओढता येई. आता नळी वरच कापलेली असते आणि स्टेम तिला बाहेरून आवळतो. वर ओढायला काही शिल्लक नसते. त्यावर उपाय म्हणून बिजागरीचा स्टेम निघाला आहे, त्याचा कोन बदलता येतो. त्यांनी तो घेतला. हँडल चांगले तीन बोटे वर आले. मानेला आराम पडला, कमरेला थोडा पडला, आणि चौथ्या दिवशी मनगटे दुखू लागली.

मनगटांनी त्यांना जे शिकवले ते दुकानात कोणी सांगितले नव्हते. माणूस उभा राहून हात सैल सोडतो तेव्हा तळवे मांड्यांकडे वळलेले असतात. सरळ दांडा धरायला तेच तळवे जमिनीकडे वळवावे लागतात, कोपरे बाहेर फाकतात आणि मनगट करंगळीच्या बाजूला मुडपते. वाकलेला तरुण हे सहज सोसतो. ताठ बसू पाहणाऱ्याला सरळ दांडा वर उचलून पुरत नाही. मुठी मागे याव्या लागतात आणि आतही वळाव्या लागतात. म्हणजे काळ्या सायकलीचे हँडल हवे. एवढे साधे निदान व्हायला तीन महिने गेले.

त्यांच्या टेबलाच्या खणात छापखान्यातली पायका मापाची पितळी पट्टी अजून होती. तिने त्यांनी सायकल मोजली आणि त्यांना जुनी ओळख पटल्यासारखे झाले. दुकानातला मुलगा ‘एकतीस पॉइंट आठ’ असे म्हणे, जणू ते एखादे गूढ परिमाण आहे. पट्टीवर ते साडेसात पायका भरले : सव्वा इंच. जुन्या धर्तीच्या हँडलाचा मध्यभाग २५.४ मिलिमीटर, म्हणजे नेमका एक इंच, सहा पायका. मुठीकडची नळी २२.२, म्हणजे पाऊण इंच आणि वर एक दोरा. कारागीर इंचाच्या आठव्या भागाला दोरा म्हणतात. मिलिमीटरांच्या दशांश चिन्हाआड इंग्रजांचे इंच तसेच बसलेले होते. सायकलीचा धंदा जगभर फिरला, भाषा बदलली, मापे बदलली नाहीत.

आकड्यांनी अडचणही दाखवली. मागे वळलेले, मधोमध एक इंचाचे हँडल सव्वा इंचाच्या स्टेममध्ये गोल फिरणार.

रविवारी ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. कुलपे, पंख्यांची पाती, पितळी नळ, ग्रामोफोनचे कर्णे यांच्या राशींत त्यांना पाच-सहा काळी हँडले मिळाली. एक हातात घेतले. मुठींचे रबर गेले होते, क्रोम उडालेला होता, पण बाक तोच. हाताने तो बाक क्षणात ओळखला. मात्र ते हँडल आणि त्याचा खुंट एकत्र जोडलेले होते, काड्यांच्या ब्रेकच्या कड्या त्यावरच पक्क्या केलेल्या होत्या. त्यांच्या पेठेतल्या जुन्या सायकलवाल्याने ते पाहून मान हलवली. ‘‘काका, हे कापून बसवता येईल, पण बसवणार नाही. कापलेल्या हँडलावर माणसाने भार टाकू नये. उतारावर तुटलं तर?’’ मग तो दुकानात गेला आणि माळ्यावरून एक चकचकीत, रुपेरी हँडल काढून आणले. ‘‘हे बघा. बाक तोच. वायरचे ब्रेक चालतात. मधे एक इंच.’’

ते मुलींच्या सायकलीचे हँडल होते. पुढे टोपली लावलेल्या, गुलाबी नाहीतर जांभळ्या, शाळकरी मुलींच्या सायकली असतात, त्यांचे. काळी सायकल बाजारातून मागे हटली तशी ताठ बसण्याची रीत मुलींच्या सायकलींच्या आश्रयाला गेली, आणि पुरुषांनी ती आपली नव्हेच असे ठरवून टाकले. हॉलंडमध्ये अशाच ताठ बैठकीच्या सायकलीला ‘आजीची सायकल’ म्हणतात, आणि तिथले आजोबाही ती खुशाल चालवतात. मुद्रितशोधकांनी थोडा वेळ ते हँडल हातात फिरवले. संकोच वाटला नाही असे म्हणता येणार नाही. किंमत बिजागरीच्या स्टेमच्या पावपट होती.

उरला प्रश्न सव्वा इंचाच्या आत एक इंच आवळण्याचा. सायकलवाला म्हणाला, पत्रा गुंडाळून जमणार नाही, फट फार आहे. लेथवर बुश काढून घ्या. सातारा रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्यांना एक म्हातारे टर्नर भेटले. त्यांनी हँडलाचा मध्य कॅलिपरने तीन ठिकाणी मोजला, स्टेमचे भोक मोजले, आणि विचारले, ‘‘भिंत किती धरू?’’ मुद्रितशोधकांनी तोंडातोंडी वजाबाकी केली. इंचाचा चतुर्थांश, दोन बाजूंना वाटला तर एक दोरा. छापखान्याच्या भाषेत नऊ पॉइंट. दोन ओळींमध्ये अंतर राखण्यासाठी शिशाच्या पट्ट्या घालतात, तशीच ही पट्टी, एवढेच की गोल. आयुष्यभर ओळींमधली जागा भरून झाल्यावर आता ही जागा भरायची होती. टर्नरला त्यांनी हे सांगितले नाही; सांगितले ते ‘‘सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी’’ एवढेच.

ॲल्युमिनियमचा गज चाकाला लागला आणि रुपेरी भुगा कुरळा होऊन खाली पडू लागला. आतून भोक काढले, बाहेरून ताशीव सफाई दिली. मग टर्नरने ती नळी करवतीने उभी चिरून तिचे दोन शिंपले केले. कारण विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘अखंड ठेवली तर हँडलाच्या बाकातून मध्यापर्यंत जाताना अडेल. आणि आवळायला जागा नको का? करवतीने खाल्लेली जागा, तीच आवळण्याची.’’ बारकाव्याची ही जाण पाहून मुद्रितशोधक त्या गाळ्यात आवश्यकतेपेक्षा अर्धा तास अधिक थांबले. पगारी कामात आयुष्य घालवलेली दोन माणसे परस्परांच्या कामाची किंमत करतात तेव्हा फारसे बोलणे होत नाही.

हँडल बसले. ब्रेकच्या मुठी आणि गिअरचे खटके २२.२ च्या नळीवर विनातक्रार चढले, कारण मुलांच्या आणि मुलींच्या सायकलींत तेवढे तरी माप समान आहे. मागच्या ब्रेकची आणि गिअरची वायर मात्र तोकडी पडली. मुठी वीतभर मागे आल्या होत्या. नव्या, लांब वायरी घातल्या. स्टेमचे चार स्क्रू सायकलवाल्याने कर्णाकर्णाने, थोडे थोडे आवळले, एकदम एका बाजूने नाही. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून त्याने हँडल पिळून पाहिले आणि शेवटी दोन्ही मुठींवर सारा भार टाकून ते खाली दाबले. ते हलले नाही. ही परीक्षा झाल्यावाचून त्याने सायकल हातात दिली नाही.

त्या संध्याकाळी म्हात्रे पुलावर त्यांना नदी दिसली. वर्षभर ते त्याच पुलावरून जात होते, पण वाकलेल्या माणसाला पुढचे दहा-वीस हात डांबर दिसते; मान वर करून पाहायचे तर ती दुखते. ताठ बसल्यावर नदी, पलीकडची झाडे आणि समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे दिसले. दोघातिघांनी ओळख दिली. वाकून जाणाऱ्याला कोणी ओळख देत नाही.

तथापि ताठपणाचीही किंमत असते आणि ती पहिल्या गतिरोधकाला वसूल झाली. वाकलेला स्वार धक्का हात, पाय आणि बैठक यांत वाटून घेतो. पूर्ण ताठ बसलेल्याचा सारा धक्का बैठकीतून थेट वर, मणक्यावर मणका असा चढतो. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याने तर त्यांचे दात वाजले. शिवाय मुलाच्या सायकलीची बैठक अरुंद होती; वाकलेल्याला ती पुरते, ताठ बसणाऱ्याच्या बैठकीच्या हाडांना ती टोचते. परतीच्या वाटेवर कोथरूडकडे चढ आहे. तिथे पूर्वी हँडल ओढून जोर लावता येई, आता मुठी इतक्या जवळ आल्या होत्या की ओढायला काही राहिले नव्हते, आणि समोरचा वारा छातीवर येई. तीव्र वळणावर मूठ गुडघ्याला लागली ती वेगळीच.

मग पुढचे तीन आठवडे समेटाचे गेले. बिजागरीचा स्टेम त्यांनी दोनदा खाली आणला, तोवर की मुठी बैठकीच्या पातळीहून दोनच बोटे वर राहिल्या. धड किंचित पुढे कलले, कोपरांत थोडा बाक आला, आणि धक्क्याचा काही वाटा हातांनी पुन्हा उचलला. स्प्रिंगची रुंद बैठक घातली. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली. व्यायामाच्या बाईंनी पाठीवरून पुन्हा बोट फिरवले आणि ‘‘असंच’’ एवढेच म्हटले. दुखणे गेले, असे कोणीही म्हणत नाही. पावसाळी हवेत पायाला मुंग्या येतात, आणि जो आराम पडला त्यात हँडलाचा वाटा किती आणि सकाळच्या व्यायामाचा किती, हे वेगळे काढता येण्यासारखे नाही. एवढे खरे की त्यानंतरच्या सात महिन्यांत अक्काकडे जाणे दोनच दिवस चुकले, आणि दोन्ही वेळा कारण पाठ नव्हते, पाऊस होता.

नव्या हँडलाची गोष्ट अक्काला पहिल्याच दिवशी सांगून झाली होती, पण ती सायकल पाहायला खाली उतरली महिन्याभराने, जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी. चौकात सायकल उभी होती. अक्काने दिसेल तितके पाहिले आणि मग हात लावून पाहू लागली. १९६० साली ती स. प. महाविद्यालयात सायकलने जात असे, नऊवारी सोडून पाचवारीत, आणि त्यावरून घरात दोन दिवस बोलणे बंद झाले होते. तिची बोटे स्टेमपासून निघाली, बाकावरून फिरत मुठीपर्यंत आली. उजव्या मुठीजवळ ती थांबली.

‘‘घंटा इकडे कुणी लावली?’’

‘‘सायकलवाल्याने. का?’’

‘‘पुढचा ब्रेक उजवीकडे आणि घंटाही उजवीकडे. समोर पोर आलं तर हाताने काय करशील, वाजवशील की दाबशील? डावीकडे घे.’’

त्यांनी खिशातून छोटा पाना काढला आणि घंटा डावीकडे घेतली. अक्काने ती वाजवून पाहिली, पुन्हा वाजवून पाहिली, आणि मग म्हणाली, ‘‘चल वर. अग्रलेख राहिलाय.’’